लाइट कुणाची?

(राळेगाव, जि. यवतमाळ इथं तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय ऐकून काहींनी नाक मुरडलं असेल. इंग्रजी बोलणारे लोक 'लाइट' हा शब्द कसा वापरतात, याच्याशी राळेगावच्या पोरांचा काय संबंध? कापसाचं काय ते बोला, भरतीचं काय ते बोला, शब्दांचा कीस कायले काढता?

संबंध आहे. तुमच्यातला जवळजवळ प्रत्येक जण इंग्रजीशी झटापट करतोय. मुलाखत इंग्रजीत, फॉर्म इंग्रजीत, आणि आपल्या माणसाचा मुडदा पडला तर त्याचा हायकोर्टातला निकालही इंग्रजीत. इंग्रजी शिकू नका असं मी म्हणणार नाही. सावित्रीबाईंनी १८५४ साली 'काव्यफुले' छापलं तेव्हाच त्यात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरलाय. बाबासाहेबांनी तर आपली मोठमोठी पुस्तकं इंग्रजीतच लिहिली. तेव्हा शिकायचं, आणि मालकासारखं शिकायचं. घरात कोणती भिंत कुणी बांधली हे मालकाला ठाऊक असतं. भाडेकरूला नसतं.

आता राळेगावात 'लाइट' म्हणजे काय? लाइट म्हणजे वीज. लाइट गेली, लाइट आली, लाइटचं बिल आलं, डीपी जळाली, लाइनमन फोन उचलत नाही. शेतीच्या पंपाला वर्षानुवर्षं रात्रीच्या पाळीत लाइट मिळाली. म्हणून ओलितासाठी रात्री बारा वाजता माणूस शेतात, पायाखाली साप की दोरी ते कळायला मार्ग नाही. आपल्या बोलीत लाइट ही अशी रोकडी गोष्ट आहे. ती कुणीतरी सोडतं, कुणीतरी तोडतं. तिला तार असते, मीटर असतं, मालक असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. सगळं भाषण एवढ्यावरच उभं आहे.

इंग्रजी बोलणाऱ्याची लाइट वेगळी. त्याला एखादा विषय समजावून सांगायचा असला की तो म्हणतो, मी या विषयावर 'लाइट' टाकतो. लपलेली गोष्ट कळली की ती 'लाइट'मध्ये येते. पुरावा बघून मत बनवलं की ते त्या पुराव्याच्या 'लाइट'मध्ये. एखाद्याची बाजू चांगली मांडली तर त्याला चांगल्या 'लाइट'मध्ये दाखवलं, वाईट मांडली तर वाईट 'लाइट'मध्ये. हुशार पोरगा 'ब्राइट', त्याहून हुशार तो 'ब्रिलियंट', मंद तो 'डिम' किंवा 'डल'. पटलं की 'आय सी', म्हणजे मला दिसलं. ज्याला खबर नाही तो 'इन द डार्क'. ज्याचा धंदा संशयाचा तो 'शेडी', सावलीतला. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८० साली अशा बोलण्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की ही नुसती नटवी भाषा नाही. माणूस विचारच अशा साच्यांतून करतो. त्यातला एक मोठा साचा म्हणजे समजणं हे दिसणं. दिसायला उजेड लागतो, म्हणून उजेड म्हणजे ज्ञान.

एक गंमतही सांगून टाकतो. इंग्रजीत 'लाइट'चा दुसरा अर्थ हलका. 'मेक लाइट ऑफ' म्हणजे एखादी गोष्ट हलक्यात घेणं. हा उजेडाचा लाइट नव्हे, वजनाचा. दोन वेगळ्या मुळांचे शब्द घासून घासून एकसारखे झाले. तुम्ही 'लाइट घे ना यार' म्हणता तो हाच. आणि आपल्याकडे 'हलका' म्हटलं की वजन मागं राहतं, जात पुढं येते. कुणाला हलकं म्हणायचं, हा इथं तराजूचा प्रश्न कधीच नव्हता.

आता नीट विचार करा. काही दिसायला किती गोष्टी लागतात? एक उजेड. दुसरी, ज्यावर तो पडतो ती वस्तू. तिसरा पाहणारा डोळा. आणि चौथा, दिवा धरणारा हात. इंग्रजीतल्या त्या सगळ्या वाक्यांत पहिल्या तीन गोष्टी कशाबशा सापडतात. चौथी सापडत नाही. 'इट केम टु लाइट.' ते उजेडात आलं. कुणी आणलं? इतके दिवस कुणी दाबलं होतं? वाक्य गप्प. दिवा जणू आपोआप पेटतो आणि आपोआप बरोबर जागी पडतो. आमच्या लाइनमनला हसू येईल अशी ही लाइट!

आता हे विदर्भात आणून बघू. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना, आईला, मुलीला, दोन मुलांना, गावातल्या जमावानं ठार केलं. पुढं सगळीकडे एकच वाक्य छापलं गेलं, खैरलांजीचं हत्याकांड 'उजेडात आलं'. आलं कसं? स्वतःच्या पायानं चालत आलं काय? सुरुवातीला काही बातम्यांनी त्याला अनैतिक संबंधाचं प्रकरण करून टाकलं. हाही उजेडच होता की! फक्त मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर मारलेला. मग कार्यकर्ते गावात गेले, माहिती गोळा केली, फोटो लोकांपर्यंत पोचवले. नोव्हेंबरात विदर्भातली पोरं, बाया रस्त्यावर उतरल्या, लाठ्या खाल्ल्या. तेव्हा कुठं देशाच्या वर्तमानपत्रांना दिसलं. म्हणजे आणणारे हात होते. पण 'उजेडात आलं' या वाक्यात त्या हातांना जागा नाही, आणि दाबणाऱ्या हातांनाही नाही. दोघंही एकाच वाक्यात सुटले.

पुढचं ऐका. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी सुनावली, दोघांना जन्मठेप. पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू धरला नाही. जुलै २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली, आणि जात हे कारण मानलं नाही, सूड हे कारण मानलं. आता न्यायालय ज्याला 'पुराव्याच्या प्रकाशात' म्हणतं त्या प्रकाशाचा विचार करा. त्या प्रकाशात कुऱ्हाड दिसली, काठी दिसली, साक्षीदार दिसले, आरोपी दिसले. शेतातल्या वाटेचं भांडण दिसलं. आणि गावातली एवढी मोठी, हजारो वर्षांची, आंधळ्यालासुद्धा ठेच लागेल अशी जात, ती दिसली नाही. मी न्यायाधीशांच्या मनात काय होतं ते सांगत नाही. मी दिव्याबद्दल बोलतोय. दिवा तिकडं वळलाच नाही तर कितीही चांगला डोळा असो, दिसणार काय?

आता शाळेकडं या. आपल्या मराठी शाळांतसुद्धा मास्तर लोक 'ब्राइट' आणि 'डल' हे शब्द सर्रास वापरतात. माझ्या शाळेत एक सर होते. पहिल्या बाकावर ब्राइट, शेवटच्या बाकावर डल. बाकं बघितली की वस्ती कळायची. आता 'ब्राइट' हा शब्द काय सांगतो? उजेड त्या पोराच्या आतून येतोय. जन्मतःच काजवा! पण विज्ञानाच्या पुस्तकात सहावी-सातवीतच शिकवलेलं असतं, बहुतेक वस्तूंना स्वतःचा उजेड नसतो. त्यांच्यावर पडलेला उजेड त्या परत फेकतात. चंद्र चमकतो तो सूर्याच्या जिवावर. ज्या पोराच्या घरात टेबल आहे, टेबलावर दिवा आहे, बाप वाचता येणारा आहे, शिकवणी आहे, ते पोरगं चमकतं. चमकू द्या, त्याचा राग नाही. पण त्या चमकण्याला 'मेरिट' म्हणायचं, आणि खांबाखाली बसून वाचणाऱ्याला 'डल' म्हणायचं, ही लबाडी आहे. दिव्याचं बिल कुणी भरलं, तेवढं विचारा.

अजून एक शब्द घ्या. 'फेअर'. मूळ अर्थ सुंदर. पुढं त्याचा अर्थ गोरा झाला आणि त्याच शब्दाचा अर्थ न्याय्य असाही झाला. 'फेअर प्ले', 'फेअर ट्रायल'. गोरा तो देखणा, आणि न्याय तो गोरा. आपल्याकडं १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' नावाची ट्यूब आली आणि काळ्यासावळ्या पोरींच्या दोन-तीन पिढ्यांनी ती तोंडाला फासली. २०२० साली कंपनीनं त्यातलं 'फेअर' काढलं, 'ग्लो' घातलं. म्हणजे गोरेपण गेलं आणि उजेड आला! शब्द बदलला, साचा तोच. निवडणुकीतला 'कॅन्डिडेट' घ्या. रोममध्ये मत मागायला निघालेला माणूस झगा पांढरा करून घ्यायचा, त्यावरून तो शब्द. पांढरे कपडे घालून मत मागायला येण्याची रीत केवढी जुनी आहे, बघा.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी हे फार आधी ओळखलं. ऑसी डेव्हिस नावाच्या काळ्या नटानं १९६७ साली एक लेख लिहिला. इंग्रजी भाषा माझी शत्रू आहे, असंच त्याचं म्हणणं. त्यानं शब्दांचा कोश काढला आणि मोजदाद केली. पांढरेपणाला १३४ प्रतिशब्द, त्यातले ४४ चांगल्या अर्थाचे. काळेपणाला १२० प्रतिशब्द, त्यातले ६० उघड वाईट. माल्कम एक्सनं तुरुंगात बसून आख्खा शब्दकोश हातानं उतरवून काढला. मनातलं लिहून सांगायला त्याला शब्द कमी पडत होते. १९६६ साली ओकलंडमध्ये पोरांनी संघटना काढली आणि नावातच 'ब्लॅक' घातलं, ब्लॅक पँथर. शिवी उचलली आणि बिल्ला केला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती त्याच वाऱ्यावर. स्वातंत्र्याची पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळा देश रोषणाई करत होता, तेव्हा आपल्या पोरांनी त्या दिवसाला काळा दिवस म्हटलं. त्या रोषणाईत आमचा मोहल्ला कुठं आहे, हा त्यांचा प्रश्न होता.

आता म्हणाल, हे सगळं इंग्रजीचं पाप. आपली मायबोली निर्मळ. छे! मराठीत तोंड काळं होतं, पैसा काळा असतो, बाजार काळा असतो. माथा मात्र उजळ. कपड्यानं पांढरा तो पांढरपेशा. मुलगा झाला तर कुळाचा दिवा लागतो, मुलगी झाली तर काय, अंधार? तेव्हा मराठीला फुलं वाहायचं कारण नाही.

पण मराठीत अजून एक थर आहे, राबणाऱ्या माणसाचा. तो बघा. जुन्या गावगाड्याच्या भाषेत गावाचे दोन भाग, पांढरी आणि काळी. घरं जिथं ती पांढरी, पीक जिथं ती काळी. आपल्या यवतमाळची कापसाची माती बघा, भिजली की डांबरासारखी काळी. या थरात काळी म्हणजे वाईट नव्हे. काळी म्हणजे जी खायला घालते ती. पांढरी बसून खाते.

आणि समजणं, पारखणं, न्याय करणं याला हा थर काय म्हणतो? ठाव लागला. हा शब्द पाण्यात उतरलेल्या माणसाचा. चाचपून पाहिलं. हा हाताचा. पाखडून घेतलं, चाळून घेतलं, निवडून घेतलं. हे सुपाजवळ बसलेल्या बाईचे शब्द. पारख केली, कसाला लावलं, हे सोनाराचे. सुगावा लागला. पाणी जोखलं. कापूस वेचणाऱ्या बाईला विचारा, बोंड कवडी आहे की चांगलं, हे ती कशानं ओळखते? डोळ्याआधी तिच्या बोटांना कळतं. ही सगळी जवळ जाऊन, हात लावून मिळवलेली समज आहे. आणि 'उजेडात आणणं' हे जे, त्याला खेड्यातला माणूस काय म्हणतो? चव्हाट्यावर आणणं. वेशीवर टांगणं. इथं उजेड नाही, जागा आहे. चार माणसं जमतात ती जागा. आणि वेशीवर कोण उभा होता? वेसकर महार. गावाची अब्रू जिथं टांगली जायची तिथं राखण आमच्या आज्याची होती. पण त्याला गावात बरोबरीची जागा नव्हती. सगळं त्याला दिसत होतं.

सरकारी आणि वर्तमानपत्री मराठीनं हा थर सोडला आणि इंग्रजीचा साचा घेतला. 'अहवालाच्या प्रकाशात', 'प्रकाशझोत', 'दृष्टिक्षेप', 'दृष्टिकोन'. आपण भाषणं करतो तीही याच भाषेत.

यात बिघडलं काय? बिघडलं ते असं. हात लावून ओळखायचं तर जवळ जावं लागतं. डोळ्यानं ओळखायला लांब उभं राहिलं तरी चालतं. ज्या समाजात शिवणं हाच गुन्हा, त्याला लांबून पाहण्याचं ज्ञान फार सोयीचं. आमच्याकडं बघून आमची जात, आमची लायकी, आमचा स्वभाव, सगळं ठरवलं गेलं, आणि एकदाही कुणी हात लावला नाही. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यात बाबासाहेबांनी काय केलं? तळ्याकडं पाहिलं नाही. ओंजळ बुडवली. पाणी तर आधीही सगळ्यांना दिसतच होतं.

आणि उजेडाची खरी कमाल पुण्याला झाली. घुर्ये यांच्या १९३२ सालच्या जातीवरच्या पुस्तकात नोंद आहे. पेशवाईत महार-मांगांना सकाळी ९ च्या आधी आणि दुपारी ३ नंतर पुण्याच्या वेशीच्या आत यायला बंदी होती. का? त्या वेळी सूर्य कलता असतो, सावल्या लांब पडतात. ती लांब सावली ब्राह्मणावर पडली तर तो बाटायचा. घ्या! सूर्य एकच. त्याच्या उजेडात एकाला कोवळं ऊन आणि दुसऱ्याला गुन्हा. सावली म्हणजे तरी काय? माझ्या अंगानं उजेड अडवला, एवढंच. माझं अंग आहे, याचा पुरावा. तो पुरावाच बाटवणारा ठरला. मला कुणी सांगू नये की उजेड सगळ्यांना सारखा असतो. इथं उजेडालाही घड्याळ लावलं होतं, वेस लावली होती.

आता आपल्या चळवळीकडं येतो. इथं जरा कान देऊन ऐका.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पत्रांची नावं काढा. 'प्रभाकर' १८४१. मिशनऱ्यांचा 'ज्ञानोदय' १८४२. 'ज्ञानप्रकाश' १८४९. 'इंदुप्रकाश' १८६२. ठाण्याचा 'अरुणोदय' १८६६. सूर्य, चंद्र, पहाट, प्रकाश! दिवा आमच्या हातात, तुम्ही खाली बसा, असा सगळा थाट. तेव्हाची सरकारी शिक्षणाची कल्पनाही तीच, वरच्यांना शिकवा, खाली आपोआप झिरपेल. जोतीरावांनी १८८२ ला हंटर कमिशनपुढं ही कल्पना फोडून काढली. वरच्यांच्या घरात गेलेलं खाली झिरपत नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या नावात ज्योत होती, पण १८७३ साली काढलेल्या समाजाचं नाव काय ठेवलं? सत्यशोधक. शोधणारा. दुसरा उजेड टाकील म्हणून वाट बघत बसणारा नव्हे, उठून धुंडाळणारा.

बाबासाहेबांची पत्रं बघा. 'मूकनायक' १९२०. 'बहिष्कृत भारत' १९२७. 'समता' १९२८. 'जनता' १९३०. 'प्रबुद्ध भारत' १९५६. एकाही नावात दिवा नाही, सूर्य नाही. मुक्याला वाचा, बाहेर टाकलेल्यांची हाक, माणसांची बरोबरी, माणसांचा समुदाय, आणि शेवटी जाग. 'प्रबुद्ध' म्हणजे जागा झालेला. 'बुध्' म्हणजे जागं होणं. बुद्ध म्हणजे जो जागा झाला तो. आता बोधीला इंग्रजीत काय म्हणतात? 'एनलाइटनमेंट'. जागेपणाचं भाषांतर करता करता उजेड झाला! युरोपात अठराव्या शतकात ज्या विचाराला फ्रेंचांनी 'उजेड' म्हटलं, त्याचा हा शब्द, तोच बुद्धाच्या अंगावर चढवला. त्या युरोपी उजेडानं राजाला आणि धर्मगुरूला प्रश्न विचारले, हे त्याचं मोठेपण. आणि त्याच शतकात त्याच युरोपची जहाजं आफ्रिकेतली माणसं तळघरात कोंबून नेत होती, हा त्याचा अंधार. मराठीनं त्या युरोपी युगाला शहाणपणानं 'प्रबोधन' म्हटलं, म्हणजे परत जाग आणली. बाबासाहेबांनीही इंग्रजीत लिहिताना 'एनलाइटनमेंट' वापरलाय, कारण वाचकाला तोच शब्द ठाऊक. पण आपल्या माणसांसाठी मराठी पत्राचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी जाग निवडली.

फरक बारीक नाही. उजेड बाहेरून पडतो. तुमच्यावर कुणी टाकू शकतं, तसा काढूनही घेऊ शकतं. जागं मात्र ज्याचं त्यालाच व्हावं लागतं. दुसरा हाक मारील, गदागदा हलवील, पण तुमच्या वतीनं जागा होऊ शकत नाही. आणि जागा झालेला माणूस अंधारातही जागाच असतो. रात्रपाळीत ओलीत करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि आपण काय केलं? बाबासाहेबांना सूर्य केलं. प्रज्ञासूर्य, ज्ञानसूर्य. आपल्या कवितांत पानोपानी सूर्य उगवतो. मी त्या भावनेचा अपमान करत नाही. जन्मभर काळोखात ठेवलेल्या माणसाला सूर्यच आठवणार. पण सूर्य म्हटला की आपण कोण झालो? उन्हात वाळत टाकलेले. सूर्याला हार घालता येतो, त्याच्याशी वाद घालता येत नाही. बाबासाहेब तर आयुष्यभर वाद घालत आले. ग्रंथ वाचा, तपासा, टीका करा, असं शिकवत आले. त्यांना आभाळात नेऊन ठेवलं की आपलं काम संपतं, १४ एप्रिलला रोषणाई आणि डीजे तेवढा उरतो.

बुद्धाच्या शेवटच्या उपदेशातला 'दीप' हा शब्द आपण सगळे स्वतःचा दिवा होण्याच्या अर्थानं घेतो. पण पालीत 'दीप' म्हणजे दिवा, तसंच 'दीप' म्हणजे द्वीप, बेट. उत्तरेकडच्या संस्कृत पाठांत तिथं बेटच आहे. वर्धा नदीच्या काठच्या माणसाला हे लगेच पटेल. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पाणी घरात शिरलं तेव्हा दिवा कामाचा नव्हता. पाय टेकायला उंचवटा पाहिजे होता. स्वतःचा उंचवटा व्हा, दुसऱ्याच्या होडीची वाट बघू नका, हा अर्थ मला आज जास्त जवळचा वाटतो. दिव्याचा अर्थ खोटा नाही. पण बेटावर आपण एकट्यानंच नाही, दुसऱ्यालाही वर ओढून घेऊ शकतो.

शेवटची गोष्ट, आपल्याच जिल्ह्याची. २०१७ चा पावसाळा आणि त्यापुढचे दिवस. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला, समोरचं दिसेना. मग चौकशी झाली. कुठं कुठं उजेड पाडला? मजुरानं मास्क लावला होता का? चष्मा घातला होता का? हातमोजे होते का? मजुराच्या उघड्या नाकावर लख्ख उजेड! आणि डब्यावरचं लेबल? १९७१ च्या नियमांप्रमाणं कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. अक्षरं मुंगीएवढी. रोजावर फवारणाऱ्या गड्याला हे त्रिकोण कुणी समजावले? दोन-तीन औषधं एकत्र करून मारा म्हणून सल्ला कुणी दिला? कपाशी डोक्याएवढी वाढली, फवारा वरून तोंडावर येतो, हे कोणी मोजलं? मजुराला ते किट विकत घेणं परवडतं काय, आणि उकाड्यात ते अंगात घालून दिवसभर चालता येतं काय? या प्रश्नांवर दिवा फार कमी वेळ थांबला. ज्याचे डोळे गेले त्यालाच विचारलं, तुला दिसत नव्हतं का?

म्हणून सांगतो. यापुढं इंग्रजीत असो की मराठीत, 'उजेड', 'प्रकाश', 'लाइट' असलेलं वाक्य आलं की तीन प्रश्न विचारायचे. दिवा कुणाच्या हातात आहे? तो कुठं उभा आहे? आणि त्याची पाठ कुणाकडं आहे? मग तेच वाक्य स्वतः परत लिहायचं, कर्त्यासकट. 'अत्याचार उजेडात आला' असं लिहायचं नाही. अमक्यानं केला, तमक्यानं दाबला, या बाईनं तोंड उघडलं, या पोरांनी फिर्याद नोंदवायला लावली, असं लिहायचं. पोलीस ठाण्यात फिर्याद देतानाही हेच. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवायचा तर कोण, केव्हा, कुठं, काय बोलला, कुणासमोर बोलला, जात काढली का, हे एकेक कागदावर आलं पाहिजे. 'शिवीगाळ केली' एवढ्यावर थांबलात की पुढं निकालात लिहिलं जाईल, जात दिसली नाही. खैरलांजीनं एवढं तरी शिकवलंय.

इंग्रजीची पुस्तकं काढा, शब्दकोश काढा. 'ब्राइट', 'फेअर', 'क्लिअर', 'डार्क', एकेका शब्दाखाली रेघ मारा. त्याच्यासमोर तुमच्या आजीचा शब्द लिहा, ठाव, पारख, पाखडणं, चाचपणं. आजी लिहायला शिकली नसेल, पण तिला सरकीपासून रुई कशी सुटते हे कळत होतं, आणि गावातला कोण माणूस कसा आहे हेही. तिच्या शब्दांवर अजून कुणाची मालकी नाही. ते आपण वापरले नाहीत तर मरतील.

पुढच्या बैठकीला प्रत्येकानं असे दहा शब्द लिहून आणायचे. वही कुणाचीही चालेल. आणि गेल्या वर्षभरात आपल्या तालुक्यात जे जे 'उजेडात आलं' म्हणून छापून आलं, त्यातली पाच कात्रणं घेऊन या. ती वाक्यं आपण इथं बसून परत लिहू, नावानिशी.

जय भीम.